रदवानची शपथ आणि गुलाबी टब

१

शनिवारी सकाळी हाज शिहातांनी खोका उघडायला सांगितला आणि माझं लग्न मोडलं.

खोका निजायच्या खोलीत भिंतीला लागून होता, दोऱ्या जशाच्या तशा. आत टब असायला हवा होता. हाज म्हणजे माझे होणारे सासरे. फग्गालाच्या बाजारात त्यांचं नळ, बेसिनं आणि टबांचं दुकान आहे, आणि एकुलत्या एक मुलीच्या नव्या घरासाठी त्यांनी दुकानातला सगळ्यात जुना, ओतीव लोखंडाचा, गुलाबी टब दिला होता. "रंग एकदा उजेडात बघू दे," ते म्हणाले. आमचा कंत्राटदार रदवान याने दोरी कापली. पुठ्ठा बाजूला पडला. आत काही नव्हतं.

मी येड्यासारखा खोक्यात हात घालून पाहिला. जणू एवढा मोठा टब कोपऱ्यात कुठेतरी अंग चोरून बसला असेल.

"टब नाही," हाज म्हणाले, "तर गुरुवार नाही."

गुरुवारी आमचं लग्न होतं. याआधीचे तीन गुरुवार या घराने गिळले होते. घर घेतलं तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक घरासारखं तेही नुसत्या लाल विटांचं होतं, आणि ते राहण्याजोगं करून दिल्याशिवाय नवऱ्या मुलाला नवरी मिळत नाही. पहिला गुरुवार नळांच्या पायी गेला. दुसरा छतापायी, कारण साधं छत हाजना डोळ्यांत खुपलं आणि जिप्समचं करावं लागलं. तिसरा फरशीपायी, कारण बसवलेल्या फरशीचा रंग हाजना आजारी माणसासारखा वाटला. प्रत्येक वेळी मी रदवानला शिव्या घातल्या. कंत्राटदार असतो कशाला?

आता हा गुरुवार हुकला की पुढे रमजान, म्हणजे महिनाभर लग्नं बंद. आणि नुहाने, म्हणजे माझ्या नवरीने, मला एकट्याला गाठून सांगितलं होतं: "मला कुवेतच्या इस्पितळातून नोकरीचं पत्र आलंय. बाबांना बोललेले नाही. हा गुरुवारही गेला तर मी जाते. वाटच बघायची तर पगार घेऊन बघीन." नुहा औषधांच्या दुकानात काम करते. ती एकदा सांगितलेली मात्रा बदलत नाही.

टब पाच मजले वर कसा चढला ते अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. आमच्या लिफ्टमध्ये दीड माणूस मावतो आणि जिन्याच्या वळणावर साधा सोफा अडकतो. म्हणून रस्त्यावर यारीची गाडी आणून तो गॅलरीतून आत घेतला होता. त्यानंतर रदवानने गॅलरीला अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवून ती बंद केली. ज्या वाटेने टब आला ती वाट आता उरली नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या वाटेने तो जाण्यासारखा नव्हता. तरी गेला होता.

हाज दिवाणखान्यात गेले आणि छताच्या कामासाठी मधोमध मांडलेल्या परांचीवर बसले. फळ्यांवर गिलाव्याचे शिंतोडे, खाली जमिनीपर्यंत लोंबणारी मळकी ताडपत्री, आणि यांच्या अंगात धुवट पांढरा झगा. हा माणूस मशिदीबाहेरच्या बाकावरही रुमाल अंथरल्याशिवाय टेकत नाही. म्हटलं, धक्काच तसा आहे.

मी रदवानची कॉलर धरली. "चल ठाण्यात."

"इंजिनियरसाहेब, कॉलर सोडा. शर्ट नवा आहे." मी शाळेत भूगोल शिकवतो, पण रदवानच्या लेखी घराला पैसे देणारा प्रत्येक माणूस इंजिनियर असतो.

"ठाण्यात गेल्यावर दुसरा देतील. पट्ट्यापट्ट्यांचा."

"थांब, फिक्री," मागून आवाज आला. हाज उठून उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ठाणं नको."

ज्याचा टब गेला तोच नको म्हणत होता.

२

"लग्नघरी पोलीस शोभत नाहीत," हाजनी खुलासा केला. "लग्न मोडलेलं असलं तरी."

तेवढ्यात धापा टाकत इन्शिराह मावशी आली. ती आमची लिफ्ट वापरत नाही. लिफ्टने आपल्याकडे पाहून एकदा उसासा टाकला असं तिचं म्हणणं आहे. उंचीला बेताची, रुंदीला सढळ. उभा जन्म तिने टेलिफोन खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे काढला. दिवसभर लोक खोटं बोलायचे आणि ती मान डोलवायची. आता निवृत्त झाली आहे, पण मान डोलवायची सवय गेलेली नाही, आणि समोरच्याला वाटतं आपलं पटलं.

ती सरळ परांचीवर टेकली, पाय जमिनीवर ठेवले आणि म्हणाली, "आधी चहा. मग कोण मेलं ते सांगा."

रदवानला आणलं होतं मावशीनेच, त्यामुळे ती त्या दिवशी माझ्याइतकीच अडकली होती. घरासाठी कंत्राटदार बघत होतो तेव्हा पहिल्याने घर न बघताच आकडा सांगितला. दुसऱ्याने घर बघून आधीच्या गवंड्याचा उद्धार केला. तोवर घरात एकही गवंडी शिरला नव्हता. तिसरा रदवान. त्याने चहा मागितला, भिंती ठोकल्या, न्हाणीघर मोजलं आणि हाजना तोंडावर सांगितलं, "तुम्ही म्हणता तो टब यात मावणार नाही. भिंत फोडावी लागेल." मावशी माझ्या कानात म्हणाली, "गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा कंत्राटदार मी पहिल्यांदा बघतेय. हाच घे." पुढचे सगळे महिने मी तिला हे वाक्य ऐकवत होतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग चहा आणून देणाऱ्या रदवानकडे पाहिलं.

"काय रे, टब कुठाय?"

"मला काय विचारता, बाई?"

"भिंत फोडायला नको म्हणून तूच गायब केलास," मी म्हणालो. "लोखंड भंगारात घातलं असशील."

रदवानने चहाचा ट्रे परांचीवर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "चाळीस वर्षं या गल्ल्यांत काम करतोय. उशीर केला म्हणा, ऐकून घेईन. चोर म्हणालात तर उद्या मला कोण दारात उभं करील?" मग त्याने उजवा हात वर केला. "टब या घराच्या उंबऱ्याबाहेर गेला असेल, तर माझ्या बायकोला तलाक. झालं समाधान?"

मी मोठ्याने हसलो. ही शपथ आमच्याकडे मासळीच्या भावावरूनही घेतात. "उंबऱ्याबाहेर गेला नाही म्हणे. मग काय भिंतीत मुरला?"

मावशी मान डोलवत होती.

"पोरा," ती म्हणाली, "तू याच्या बायकोला बघितलं आहेस?"

"नाही. तिचा टबाशी काय संबंध?"

"मी बघितलंय," मावशी म्हणाली आणि चहा संपवून उठली. "उद्या दुपारपर्यंत ठाण्यात जायचं नाही. रदवान, तू गावाबाहेर जायचं नाही. चल फिक्री, खाली जाऊ."

३

खाली फाटकापाशी रखवालदार जाबरकाका बसले होते. इमारतीत माशी शिरली तरी ती कुणाकडे चालली आहे हे त्यांना विचारायचं असतं.

"शुक्रवारी कोण वर गेलं, काका?" मावशीने विचारलं.

"शुक्रवारी कामाला सुट्टी. पण नमाजानंतर रदवान आला होता, दोन गडी घेऊन. आवराआवर करायची आहे म्हणाला."

माझा हात पुन्हा कॉलर शोधायला लागला. "आणि खाली काय नेलं?"

"टब नाही नेला, मास्तर. टब नेला असता तर मी फाटकावर काय झोपलो होतो?"

"नव्हता का?"

"झोपलो असतो तरी त्याच्या आवाजाने उठलो असतो. खाली आली फक्त ही दोन पिंपं." त्यांनी शेजारी बोट दाखवलं. गिलाव्याने माखलेली दोन पत्र्याची पिंपं भिंतीशी उभी होती आणि एकात त्यांनी पुदिनाही लावून टाकला होता. "वर छताच्या कामाला लागत होती. संपलं काम, म्हणाला, तुम्हाला घ्या. भला माणूस आहे हो रदवान."

"भला आहे," मावशी पिंपांकडे बघत म्हणाली. "आणखी कोण आलं होतं?"

जाबरकाकांनी नाक खाजवलं. "शुक्रवारी पाहुणेरावळे येतातच. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?" ज्यांना दोन वर्षांपूर्वीचा पोस्टमन आठवतो त्यांना कालचा पाहुणा आठवेना. मला वाटलं, वय झालं.

चौथ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली, सुआदबाई राहतात. टब आला त्या दिवसापासून त्या छताकडे बघत झोपत होत्या.

"गेला का? देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "रोज स्वप्नात पडायचा माझ्यावर. भरलेला."

"शुक्रवारी वर काही आवाज झाला?"

"झाला ना. आधी इथे वर." त्यांनी निजायच्या खोलीच्या दिशेने मान वळवली. "घर्र, घर्र, असं ओढत ओढत दिवाणखान्यापर्यंत. मग धप्प. माझं झुंबर कितीतरी वेळ हलत होतं. वाटलं, आली वेळ. मग शांत."

"मग दाराकडे ओढत नेल्याचा आवाज?"

"तो नाही आला बाई. पण तोवर मी पलंगाखाली होते."

मी मावशीला जिन्यात गाठलं. "निजायच्या खोलीतून दिवाणखान्यात, तिथून दारात, दारातून समोरच्या घरात. सरळ आहे. समोरचं घर रिकामं आहे."

आमच्या समोरचं घर अजून लाल विटांचंच होतं. मालक आखातात, दाराच्या जागी दोन फळ्या ठोकलेल्या. टब जिन्याच्या वळणावर अडकला असता, पण समोरासमोरच्या दोन दारांतून सरळ गेला असता. मी विजयी मुद्रेने फळी सरकवली. आत बोटभर धूळ होती आणि तिच्यावर फक्त कबुतरांची पावलं. टब नेणारी कबुतरं असली तर गोष्ट वेगळी.

"मग उरलं कोण?" मी म्हणालो.

"तुझी नवरी," मावशी म्हणाली. "तिला तो टब आवडतो का?"

मी फळी जागेवर लावण्यात गुंतलो. कारण टब आला त्या दिवशी नुहा मला म्हणाली होती, की हा न्हाणीघरात बसला तर मी हातोडा घेऊन लग्नाला येईन.

४

नुहाच्या दुकानात एक गृहस्थ खोकल्याचं औषध मागत होते आणि नुहा त्यांना सिगारेट सोडायला सांगत होती. ते गेल्यावर तिने आमच्याकडे पाहिलं.

"टब गेला ना? बाबांचा फोन आला होता. रडवेला आवाज होता."

"तू नेलास का?" मावशीने सरळ विचारलं.

"माझ्याने उचलला असता तर मावशी, लहानपणीच नेऊन नाईलमध्ये टाकला असता."

"लहानपणी?"

नुहाने काउंटरवरच्या बाटल्या उगाच सरळ केल्या. "आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. घरी कोण सांभाळणार? बाबा मला दुकानात न्यायचे. रस्त्यावर ट्रॅम, गाढवगाड्या. मी पळून जाईन म्हणून त्या टबात उशा टाकून मला बसवून ठेवायचे. बाहेर चढून येता यायचं नाही एवढा खोल. तिथे मी जेवले, तिथे मी पाढे पाठ केले. एकदा एका गिऱ्हाइकाने टबाची किंमत विचारली तर बाबा म्हणाले, मुलीसकट मिळत नाही आणि मुलीशिवाय विकत नाही. सगळा बाजार हसला. आता तो माझ्या न्हाणीघरात येणार. सांगा, मी त्यात आंघोळ करू की पाढे म्हणू?"

मावशी मान डोलवायची थांबली. ही गोष्ट मी फार कमी वेळा पाहिली आहे.

"हाज घरी कधी येतात रोज?"

"दुकान बंद करून, रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर. येतात आणि घंटी वाजवतात. किल्ली कधी नेतच नाहीत. कितीदा सांगितलं, मी घरी नसले तर? म्हणतात, मग मी पायरीवर बसेन." नुहा थोडी थांबली. "मावशी, टब मिळाला नाही तर लग्न पुढे जाईल. आणि मी खरंच जाईन. फिक्री समजतो तशी मी धमकी देत नाही. किती गुरुवार मी मैत्रिणींना तोंड दाखवायचं?"

तिचा आवाज हलला होता. मी टब शोधत नव्हतो, ही मुलगी हातातून निसटू नये म्हणून धडपडत होतो, आणि चोर कुठेतरी माझ्याकडे बघून हसत असेल याचा मला मनस्वी राग आला.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "उद्या दुपारी सगळ्यांना वर बोलाव. हाज, नुहा, रदवान. आणि रदवानला सांग, बायकोला घेऊन ये."

"बायकोला कशाला?"

"ज्याच्या जिवावर शपथ घेतली, तो माणूस हजर असलेला बरा."

५

रदवानची बायको दारातून आत आली तेव्हा मला शपथेचं वजन कळलं. थोरल्या मुलीच्या नावावरून तिला सगळे हनानची आई म्हणतात; ती दार भरून उभी राहिली. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि रदवानने हातातली टोपी छातीशी धरली.

"कोण तलाक देतंय म्हणे मला?" तिने विचारलं. "घर माझ्या नावावर, गाडी माझ्या भावाची, पोटात जातं ते माझ्या हातचं. देऊन जाणार कुठे?"

"बसा सगळे," मावशी म्हणाली. "परांचीवर बसा, दुसरं काही नाहीच घरात."

हाज आधीच बसले होते. नुहा त्यांच्या शेजारी बसली, तिच्या शेजारी मी. मावशी मात्र उभी राहिली.

"फिक्री हसला शपथेला," ती म्हणाली. "मी नाही हसले. हा रदवान उशिराबद्दल कधी शपथ घेत नाही. गुरुवारी होईल का विचारलं तर इन्शाल्ला म्हणतो आणि छताकडे बघतो. तारीख त्याच्या हातात नाही हे त्याला माहीत आहे. पण काल तो बायकोला पणाला लावून बोलला, आणि ही बायको. या बाईवरून खोटी शपथ घेणारा माणूस अजून जन्मायचाय."

"सत्य बोललीस, बाई," हनानची आई म्हणाली.

"म्हणजे टब उंबऱ्याबाहेर गेलाच नाही. गेला नाही तर घरातच आहे. आपण सगळे याला खोटारडा धरून चाललो, कारण हा कंत्राटदार. जाबरने शपथ घेतली असती तर फिक्रीने त्याच मिनिटाला घर शोधलं असतं."

"पण घरात आहे कुठे?" मी म्हणालो. "तीन खोल्या. कपाटसुद्धा आलेलं नाही."

"सुआदबाईंनी ऐकलं, ओढत दिवाणखान्यापर्यंत, मग धप्प, मग शांत. दाराकडे नाहीच गेला. आणि मला सांग, मागच्या आठवड्यात मी या परांचीवर कशी बसले होते?"

मी आठवलं. मी एका हाताला, रदवान दुसऱ्या. तिचे पाय लोंबकळत होते आणि ती म्हणाली होती, आता मला उतरवायलाही यारी मागवा.

"आणि काल मी आपली आपण टेकले. पाय जमिनीला. माझी उंची वाढण्याचं वय गेलं, पोरा. परांची खाली आलीय. या फळ्या दोन पिंपांवर होत्या. ती पिंपं खाली फाटकाशी आहेत, एकात पुदिना उगवतोय. पिंपं गेली आणि फळ्या हवेत उभ्या आहेत. कशावर?"

तिने पर्समधून घराच्या किल्ल्या काढल्या, खाली वाकली आणि ताडपत्रीवर हाणल्या.

ठण्ण करून आवाज झाला. आम्ही सगळे एकदम उठलो. मी ताडपत्री ओढली. गिलाव्याने थापलेला, उलटा घातलेला, कडेला कुठेकुठे गुलाबी दिसणारा टब जमिनीवर पालथा पडला होता. ज्याला मी सबंध शहरात शोधत होतो, त्याच्यावर बसून मी कालपासून चहा पीत होतो.

उठले नव्हते फक्त हाज.

"रदवान," मी दात खात म्हणालो, "तू..."

"त्याला सोड," मावशी म्हणाली. "रदवानला भिंत फोडायची नव्हती तर तो सांगून मोकळा झाला होता, पहिल्याच दिवशी. हाज, तुम्ही काल रुमाल न अंथरता इथे बसलात. आजही. चोरीला गेलेल्या वस्तूचा मालक ठाणं नको म्हणतो. जाबरला शुक्रवारचा पाहुणा आठवत नाही, कारण पाहुणा नवरीचा बाप आहे आणि त्याने गप्प राहायला सांगितलंय. छत तुम्हाला साधं वाटलं. फरशी तुम्हाला आजारी वाटली. आम्ही मात्र गुरुवारागणिक शिव्या घातल्या याला. कंत्राटदाराच्या उशिरामागे कुणीही आरामात लपू शकतं, हाज. तिथे कुणी बघतच नाही."

नुहा म्हणाली, "बाबा?"

हाजनी झग्यावरची धूळ झटकली. ती झटकली जात नव्हती. "साखरपुड्याला फातिहा वाचून शब्द दिला होता," ते हळू म्हणाले. "तो मोडता येत नाही. मुलगा चांगला आहे. बोलतो जास्त, पण चांगला आहे. म्हटलं, मोडायचं नाही, थोडं लांबवायचं. रदवानला म्हणालो, एक गुरुवार दे. त्याने दिला. मग आणखी एक मागितला."

"माझ्या चार मुली गेल्या नवऱ्यांकडे," रदवान टोपीकडे बघत म्हणाला. "चौथी गेली तेव्हा मी महिनाभर कामावर गेलो नव्हतो. यांना तर एकच आहे. कसं नाही म्हणू? पण चोरीचं माझ्यावर येईल हे ठरलं नव्हतं, हाज."

"नव्हतं," हाज म्हणाले. "तू कॉलर धरू दिलीस आणि तोंड उघडलं नाहीस. मला रात्रभर लाज वाटली." त्यांनी टबावर हात ठेवला. "नुहा, मला दार उघडायची सवय नाही गं. दुकान बंद करून जिना चढतो आणि घंटी वाजवतो, आणि आतून तू म्हणतेस, आले. आता मी घंटी वाजवून काय करू?"

नुहा रडत होती आणि चिडलेलीही होती. तिला दोन्ही एकदम जमतं. "आणि मी कुवेतला गेले असते तर? पत्र आलंय मला. हा गुरुवार गेला असता तर मी सही करून देणार होते."

हाजनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता. "कुवेत?"

"कुवेत, बाबा. तिथे तुमची घंटी ऐकू येत नाही."

हाज उठले, कंबरेवर हात ठेवून रदवानकडे वळले. "गुरुवारपर्यंत काय काय राहिलंय?"

रदवानने घसा खाकरला. "खरं सांगू? टब सोडला तर काहीच नाही. दोन आठवड्यांपूर्वी संपलंय सगळं. एक नळ मुद्दाम सैल ठेवलाय."

माझ्या आयुष्यात मला इतका धक्का बसलेला नाही. टब सापडल्याचाही नाही.

६

गुरुवारी लग्न झालं. हनानची आई सगळ्यात पुढे नाचली आणि रदवान तिच्या मागे टाळ्या वाजवत होता. न्हाणीघरात साधा शॉवर बसला, कारण टब तिथे खरंच मावत नव्हता.

टबाचं काय करायचं यावर हाजनीच तोड काढली. आमच्या समोरचं, कबुतरांचं, लाल विटांचं घर त्यांनी त्या आखातातल्या मालकाकडून विकत घेतलं. फळ्या काढल्या आणि टब आमच्या दारातून सरळ त्यांच्या दारात सरकवला. खाली सुआदबाई पलंगाखाली गेल्या. मग हाजनी कामाला कंत्राटदार नेमला. तीन जणांना बोलावणं वगैरे काही नाही, सरळ रदवान.

याला आता तीन वर्षं झाली. समोर अजून लाल विटाच आहेत. हाज रोज सकाळी समोर काम बघतात, दुपारी आमच्याकडे जेवतात आणि इशाच्या नमाजानंतर नुहा त्यांना जुन्या घरी जाऊ देत नाही. किल्ली अजूनही नेत नाहीत. आमची घंटी वाजवतात आणि नुहा आतून म्हणते, आले. फरशीचे नमुने येतात, हाजना ते आजारी वाटतात, परत जातात. छत आधी साधं ठरलं होतं, आता जिप्समचं ठरतंय. रदवान त्यांना गुरुवार सांगतो आणि हाज म्हणतात, घाई नको, काम नीट होऊ दे. असं गिऱ्हाईक रदवानने चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही.

टब मधोमध आहे, सुलटा. त्यात उशा टाकून आमची मुलगी बसते, कारण ती पळायला लागली आहे आणि घराला अजून दार नाही. कडेला हाज आणि रदवान, दोघं म्हातारे, चहा पीत असतात आणि तिला एक ते दहा आकडे शिकवतात. सहा हा आकडा दोघंही विसरतात.

परवा मी शाळेतून येता येता डोकावलो आणि सहज विचारलं, "हाज, हे काम संपणार तरी कधी?"

हाजनी रदवानकडे पाहिलं. रदवानने हाजकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टब मीच चोरला होता.